घरातला संगणक कधी आपोआप बंद पडतो, तर कधी पुन्हा सुरू होतो. नेमके कारण कसे शोधावे?

प्रश्न: अक्षरजुळारी

सर्वांना नमस्कार. मी कऱ्हाडला राहतो आणि पुस्तकांची अक्षरजुळणी व मांडणी घरूनच करतो. माझा संगणक गेल्या तीन महिन्यांपासून आठवड्यातून दोन-तीन वेळा अचानक बंद पडतो. कधी पडदा काळा होऊन काही सेकंदांत तो आपला आपण पुन्हा सुरू होतो, तर कधी निपचित पडून राहतो आणि मला बटण दाबावे लागते. गंभीर चूक झाल्यावर विंडोज दाखवते तो निळा पडदा किंवा कुठलीही सूचना मी आजवर एकदाही पाहिलेली नाही.

संगणक २०१९ साली सुटे भाग आणून जुळवून घेतलेला आहे. त्यात इंटेल कोअर आय५-९४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, डीडीआर४ प्रकारची ८ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि विंडोज १० आहे. सोबत ६०० व्हीएचा यूपीएस असून त्यालाही चार वर्षे होऊन गेली असावीत.

पाच आठवड्यांपूर्वी मी तो एका दुकानात नेला होता. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला, आतली धूळ काढली, विंडोज नव्याने टाकले आणि रॅम अपुरी पडते आहे असे सांगून ८ जीबीची आणखी एक पट्टी बसवली. त्या दोन दिवसांत त्यांच्याकडे तो एकदाही बंद पडला नाही. घरी आणल्यावर मात्र चौथ्याच दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार झाला. आता मदरबोर्ड बदलावा लागेल असे ते म्हणतात, आणि तेवढा खर्च करण्यापूर्वी दोष खरोखर तिथेच आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे.

माझी निरीक्षणे अशी आहेत. मी पहाटे लवकर कामाला बसतो आणि बहुतेक वेळा हा प्रकार सकाळी सहा ते सातच्या दरम्यान घडतो. त्या वेळी वीज गेलेली नसते, कारण डोक्यावरचा पंखा फिरतच असतो आणि राउटरचे दिवेही लागलेले असतात. दोनदा मात्र दुपारी, मोठ्या पुस्तकाची पीडीएफ तयार करताना तो बंद पडला. याउलट मुलाने एका रविवारी सलग तीन तास गेम खेळला तेव्हा काहीही झाले नाही. आणखी एक गोष्ट, जी कदाचित निरर्थक असेल: सकाळी बंद पडतो त्या क्षणी टेबलाखालून ‘टक’ असा बारीक आवाज येतो. तो कॅबिनेटमधूनच येत असावा. मागच्या आठवड्यात एका कवितासंग्रहाची चाळीस पानांची दुरुस्ती अशीच वाहून गेली, म्हणून हा प्रश्न विचारण्याची वेळ आली.

उत्तर: नोंदवाचक

मदरबोर्ड बदलण्याची घाई करू नये. संगणक अचानक बंद पडतो तेव्हा त्यामागे ढोबळमानाने तीनपैकी कोणाचा तरी हात असतो. एक तर विंडोज स्वतःच गंभीर चूक आढळल्यामुळे काम थांबवून संगणक पुन्हा सुरू करते, किंवा प्रोसेसर अथवा मदरबोर्ड स्वतःच्या बचावासाठी वीज तोडतो, किंवा मग वीजच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पहिल्या प्रकारात विंडोजला काय घडले ते लिहून ठेवण्याइतका अवधी मिळतो, उरलेल्या दोन्ही प्रकारांत मिळत नाही, आणि हा फरक विंडोज स्वतः ठेवते त्या घटनांच्या नोंदवहीत स्पष्ट दिसतो. सुटे भाग बदलून पाहण्याआधी ती नोंदवही वाचणे फुकटही आहे आणि उपयोगाचेही.

स्टार्टच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावा, त्यात ‘विंडोज लॉग्ज’खालील ‘सिस्टिम’ निवडावे आणि गाळणी लावून फक्त ४१, ६००८, १००१ आणि १०७४ या क्रमांकांच्या नोंदी पाहाव्यात. ४१ क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ ही नोंद वाचून अनेक जण एसएमपीएस खराब झाल्याचा निष्कर्ष काढतात, परंतु तिचा अर्थ एवढाच असतो की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. शिवाय ही नोंद घटनेच्या क्षणी नव्हे, तर पुढच्या वेळी संगणक सुरू होताना लिहिली जाते, त्यामुळे तिच्यावरची वेळ फसवी असते. बंद पडण्याची वेळ ६००८ क्रमांकाच्या नोंदीच्या मजकुरात मिळते.

४१ क्रमांकाच्या नोंदीतील ‘डिटेल्स’ या भागात ‘बगचेककोड’ नावाची ओळ असते. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला सवडच मिळालेली नाही, म्हणजे संशय वीज, उष्णता किंवा यंत्रभागाकडे जातो. शून्याखेरीज दुसरा आकडा असेल तर तो निळ्या पडद्यावरील त्रुटीचा क्रमांक असतो. त्याच यादीत ‘पॉवरबटणटाइमस्टॅम्प’ अशीही एक ओळ असते आणि तिथे शून्याऐवजी लांबलचक संख्या दिसली तर बटण दाबले गेल्याची खूण मिळालेली असते. कॅबिनेटचे बटण अडकून राहण्याचा दोष या एका ओळीवरून पकडल्याचे मला आठवते.

दुसरी गोष्ट म्हणजे निळा पडदा दिसला नाही याचा अर्थ तो आलाच नाही असा होत नाही. विंडोजमध्ये चूक झाल्यावर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय मुळातच चालू असते, आणि एसएसडी असलेल्या संगणकावर तो पडदा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघून जातो. ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’मधील ‘अॅडव्हान्स्ड’ या भागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या खिडकीत ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरची खूण काढून टाकावी, म्हणजे पुढच्या वेळी पडदा तसाच थांबून राहील.

संगणक दुकानातून घरी आल्यापासूनच्या सर्व नोंदी आपण वेळेसह एका कागदावर उतरवून इथे द्याव्यात. विंडोज नव्याने टाकल्यामुळे त्याआधीच्या नोंदी पुसल्या गेल्या असतील, हे दुर्दैव आहे.

उत्तर: गारवारा

माझा पहिला संशय नेहमी उष्णतेवर असतो, विशेषतः संगणक पाच-सहा वर्षांचा असेल तर. प्रोसेसर आणि त्यावरील पंख्याच्या बैठकीमधला थर्मल पेस्ट इतक्या काळात वाळून खडूसारखा होतो. इंटेलसोबत येणाऱ्या पंख्याला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या खुंट्या असतात आणि धूळ काढताना पंखा काढून पुन्हा बसवला असेल तर त्यांतील एखादी नीट न बसण्याची शक्यता बरीच असते. तसे झाल्यास एका बाजूला फट राहते.

आपल्या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. त्या मर्यादेजवळ पोहोचल्यावर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तरच वीज तोडतो. त्यामुळे उष्णतेने बंद पडणारा संगणक सहसा आधी मंदावतो, पंखा घोंघावू लागतो, आणि बंद पडल्यावर लगेच सुरू केला तर पुन्हा लवकर बंद पडतो. ‘एचडब्ल्यूइन्फो’ हा मोफत प्रोग्राम चालू ठेवून गेम खेळताना कमाल तापमान किती जाते ते पाहावे.

तापमान ठीक निघाले तर एसएमपीएसकडे वळावे. त्याच्या १२ व्होल्टच्या वाहिनीला पाच टक्के वरखाली होण्याची मुभा असते, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट. परंतु क्षणार्धात होणारी घसरण साध्या मल्टिमीटरवर दिसतच नाही, त्यामुळे दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. तो उघडून आतील कपॅसिटर फुगले आहेत का ते पाहण्याचा मोह मात्र आवरावा, कारण २३० व्होल्टची घरगुती वीज आत एकदिश झाल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट इतकी होते आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहते.

अक्षरजुळारी

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व पाहिले.

तापमान गेम खेळताना ७१ अंशांपर्यंत गेले आणि साध्या कामात ४० ते ४५ च्या आसपास राहिले, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न नसावा असे वाटते.

नोंदी एकूण अकरा मिळाल्या. त्यांपैकी नऊ ठिकाणी ‘बगचेककोड’ शून्य आहे आणि दोन ठिकाणी २६ हा आकडा आहे. २६ असलेल्या दोन्ही नोंदी दुपारच्या, पीडीएफ करतानाच्या आहेत. शून्य असलेल्या नऊपैकी आठ नोंदींच्या वेळा सकाळी ६.३५ ते ६.५० या पंधरा मिनिटांतल्या आहेत आणि त्या कागदावर एकाखाली एक लिहिल्यावर मी स्वतःच चकित झालो, कारण माझ्या मनात ‘कधीही बंद पडतो’ असेच बसले होते. नववी नोंद एका रात्रीची असून तिथे बटणाच्या ओळीत लांब संख्या आहे. त्या रात्री संगणक अडकून बसला होता आणि मीच बटण दाबून धरले होते, हे आता आठवले.

यातून काय समजावे?

उत्तर: वीजतंत्री

मी संगणकाचा जाणकार नाही, घरांची आणि लहान कारखान्यांची वायरिंग करतो. परंतु आपण जी गोष्ट निरर्थक म्हणून शेवटी लिहिली, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टेबलाखालून येणारा ‘टक’ हा आवाज कॅबिनेटचा नसून यूपीएसमधल्या रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या आपोआप स्विचचा असावा. विजेचा दाब फार खाली गेला की यूपीएस तो रिले पाडून संगणकाला मुख्य विजेवरून बॅटरीवर घेतो.

घरगुती यूपीएसमधील बॅटरी साधारणपणे दोन ते तीन वर्षे टिकते. आपली चार वर्षांची आहे आणि ती बदलल्याचा उल्लेख नाही. बॅटरी निकामी झालेला यूपीएस हा मुळीच यूपीएस नसण्यापेक्षा वाईट असतो, आणि हे अनेकांना पटत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. दाब क्षणभर घसरला तर पंखा किंचित मंदावतो, दिवा मिणमिणतो आणि दोन्ही चालूच राहतात. संगणकाचा एसएमपीएसही बहुतेक वेळा तेवढी घसरण सहज पचवतो, कारण विजेचा एक फेरा म्हणजे २० मिलिसेकंद आणि चांगला एसएमपीएस पूर्ण भार असतानाही सुमारे १६-१७ मिलिसेकंद वीज अजिबात नसताना तग धरतो. आपल्या संगणकावर हलके काम चालू असताना तर तो त्याहून अधिक वेळ काढेल. शिवाय इथे वीज पूर्ण जात नसून केवळ कमी होते. परंतु मध्ये यूपीएस असला की तो घसरण पाहताच आज्ञाधारकपणे बॅटरीकडे वळतो, बॅटरी भार घेत नाही, आणि ज्या संगणकाला मुख्य विजेवर काही झाले नसते त्याची वीज यूपीएसच तोडून टाकतो. घरातील बाकी सर्व उपकरणे चालू राहून फक्त संगणक बंद पडणे हे त्याचेच लक्षण असते. दुकानात दोन दिवस काही झाले नाही, कारण आपला यूपीएस घरीच राहिला होता.

आता घसरण कशामुळे होते ते पाहावे. सकाळी पावणेसातच्या सुमारास आपल्या घरात किंवा शेजारी पाण्याची मोटर सुरू होते का? मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते.

यूपीएसची परीक्षा अशी घ्यावी. रात्रभर तो चार्ज होऊ द्यावा, संगणक रीतसर बंद करून त्याची वायर काढावी आणि त्या जागी १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब लावावा. एलईडी चालणार नाही, कारण त्याचा भार नगण्य असतो. मग भिंतीवरचे बटण बंद करावे. प्लग उपटू नये, कारण बटणाने अर्थिंग तुटत नाही आणि प्लग काढल्यावर ते तुटते. बल्ब काही मिनिटे तरी जळत राहायला हवा.

उत्तर: नोंदवाचक

वीजतंत्री यांचे म्हणणे मला पूर्ण पटते, आणि त्या ‘टक’कडे माझे लक्ष गेले नाही याची थोडी खंतही वाटते. कधी संगणक पुन्हा सुरू होतो आणि कधी बंदच राहतो, या कोड्याचे उत्तरही त्यातच आहे. वीज अगदी क्षणभर तुटली तर एसएमपीएसकडून मदरबोर्डला मिळणारा ‘वीज ठीक आहे’ हा संकेत जातो आणि लगेच परत येतो, त्यामुळे संगणक जणू रीसेटचे बटण दाबल्यासारखा नव्याने सुरू होतो. खंड लांबला तर मदरबोर्ड पूर्ण विझतो, आणि वीज परत आल्यावर काय करायचे हे बायोसमधील (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममधील) एका सेटिंगवर अवलंबून राहते. बहुतेक घरगुती बोर्डांवर ते ‘बंदच राहावे’ असे ठेवलेले असते.

परंतु माझा मुद्दा वेगळा आहे. आपण अकरा घटना एकाच आजाराच्या म्हणून मोजत आहात, आणि माझ्या मते इथे दोन निरनिराळे आजार आहेत. सकाळच्या आठ घटनांचा कोड शून्य आहे. दुपारच्या दोन घटनांचा कोड २६ आहे, आणि ती नोंद दशमान पद्धतीत लिहिलेली असते. षोडशमान पद्धतीत तोच आकडा १ए होतो आणि विंडोजच्या भाषेत त्याचे नाव ‘मेमरी मॅनेजमेंट’ आहे. हा निळ्या पडद्याचा प्रकार आहे, वीज जाण्याचा नाही. यूपीएस बदलल्याने तो थांबणार नाही.

म्हणून एक प्रश्न विचारतो. दुकानात नेण्यापूर्वी, म्हणजे एकच रॅम असताना, पीडीएफ करताना संगणक कधी बंद पडला होता का?

अक्षरजुळारी

नाही. आपण विचारल्यावर आठवून पाहिले. त्यापूर्वीच्या सर्व घटना सकाळच्याच होत्या. पीडीएफच्या वेळी बंद पडणे दुकानातून आल्यानंतरच सुरू झाले.

मोटरच्या बाबतीत सांगायचे तर खालच्या मजल्यावर भाऊ राहतो आणि तो एक दिवसाआड सकाळी विहिरीवरचा दीड अश्वशक्तीचा पंप चालू करून टाकी भरतो. मी वर असल्याने मला पंपाचा आवाज येत नाही आणि त्यामुळे या दोहोंचा संबंध कधी सुचला नाही. भावाला विचारले तर तो सहज म्हणाला, “हल्ली पंप उचलायला वेळ घेतो, आधी नुसता घुमतो.”

आज यूपीएसची परीक्षा घेतली. आधी झाकण काढून बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर १२.७ व्होल्ट दिसले आणि बॅटरी ठणठणीत आहे अशी माझी खात्री पटली. त्यानंतर बल्ब लावून भिंतीवरचे बटण बंद केले. ‘टक’ झाले, बल्ब एकदा लालसर झाला आणि विझला. यूपीएसचा दिवाही त्याच्याबरोबर गेला. तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा तेच घडले. तो आवाज मात्र तंतोतंत तोच होता, जो मी तीन महिने कॅबिनेटचा समजत होतो.

उत्तर: वीजतंत्री

मल्टिमीटरने दाखवलेले १२.७ व्होल्ट खोटे नाहीत, परंतु ते भार नसताना निवांत बसलेल्या बॅटरीचे आहेत. आजारी माणूस खाटेवर बसून चांगला बोलतो म्हणून त्याच्या खांद्यावर गोणी देता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. बॅटरीची पारख भार टाकूनच करावी लागते. ती काढाल तेव्हा कडांकडे नीट पाहा, बहुधा फुगलेली असेल.

तशीच १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी आणावी. बदलताना यूपीएस बंद करून प्लग काढावा आणि लाल-काळ्या वायरींची अदलाबदल होऊ देऊ नये. जुनी बॅटरी शिशाची असल्याने कचऱ्यात टाकू नये. बॅटरीचे दुकानदार ती परत घेतात आणि बहुधा काही रक्कमही वजा करून देतात.

आता पंपाविषयी. पंप आधी नुसता घुमतो आणि मग उचलतो, याचा अर्थ त्याचा कपॅसिटर कमजोर झालेला असण्याची दाट शक्यता आहे. त्यामुळे जो मोठा प्रवाह एरवी क्षणभरच ओढला जातो तो दोन-तीन सेकंद ओढला जात राहतो आणि तेवढा वेळ घरातला दाब खाली बसतो. कपॅसिटर त्याच क्षमतेचा नवा घालावा. बोर्डावरून पंपासाठी वेगळी, जाड वायर गेली आहे की खोल्यांच्याच वायरीवर तो जोडलेला आहे, हेही एकदा माहितगार माणसाकडून पाहून घ्यावे, कारण तसे असेल तर आज संगणक बंद पडतो आहे, उद्या वायर तापेल.

उत्तर: गारवारा

माझा उष्णतेचा अंदाज चुकला हे मान्य करतो. एक सावधगिरी मात्र सुचवावीशी वाटते. पुढे कधी एसएमपीएस बदलण्याची वेळ आली आणि आपण ‘अॅक्टिव्ह पीएफसी’ (वीज एकसारखी ओढण्याची सोय) असलेला चांगल्या दर्जाचा एसएमपीएस घेतलात, तर स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना जी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो ती अशा काही एसएमपीएसना मानवत नाही आणि बॅटरी नवी असूनही वीज जाताच संगणक बंद पडू शकतो. तेव्हा पुन्हा बॅटरीला दोष देऊ नये. अशा वेळी शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस घ्यावा लागतो, जो महाग असतो.

रॅमविषयी नोंदवाचक सांगतीलच. माझ्या मते दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात पेन्सिलच्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून, कीस झटकून पुन्हा बसवाव्यात. हा उपाय घरगुती वाटला तरी दाते मळल्यामुळे होणारे निम्मे त्रास त्याने जातात.

उत्तर: नोंदवाचक

खोडरबर अवश्य वापरावे, परंतु त्यावर विसंबून राहू नये. ‘मेमटेस्ट८६’ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून सुरू करावा, कारण विंडोज चालू असताना सगळी रॅम तपासता येत नाही. आधी दोन्ही पट्ट्या असताना तपासणी करावी, मग एकेक पट्टी त्याच खाचेत बसवून स्वतंत्रपणे करावी. खाच तीच ठेवणे महत्त्वाचे आहे, अन्यथा दोष पट्टीचा की खाचेचा हे कळणार नाही. पूर्ण चार फेऱ्यांना काही तास लागतात, त्यामुळे रात्री लावून झोपावे. तोवर यूपीएसला बाजूला ठेवून संगणक थेट भिंतीवरील प्लगला जोडावा.

रॅमच्या बाबतीत ‘एखाददुसरी चूक चालते’ असे काही नसते. एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी परत करावी. आपल्या कामात तर विशेषच, कारण संगणक बंद पडणे निदान दिसते तरी, पण सदोष रॅममुळे फाइल जतन होताना आतल्या आत एखादे अक्षर बदलले तर ते छापून आल्यावरच कळेल.

गेम खेळताना काही झाले नाही आणि पीडीएफ करताना झाले, याचेही आश्चर्य नाही. त्या गेमला रॅम थोडकी लागली असेल, आणि चारशे पानांच्या पुस्तकाची चित्रांसह पीडीएफ होताना जवळजवळ सगळीच वापरात आली असेल. दोष रॅमच्या एखाद्या कोपऱ्यात असेल तर तिथवर हात पोहोचल्यावरच तो दिसतो.

अक्षरजुळारी

उशिरा लिहितो आहे याबद्दल क्षमस्व. सर्व तपासण्या सवडीने, एका वेळी एकच बदल करून केल्या, म्हणून तीन आठवडे लागले.

पहिले आठ दिवस यूपीएस काढून संगणक थेट प्लगला जोडला. एके सकाळी भावाला मुद्दाम पंप चालू करायला सांगितला आणि मल्टिमीटर धरून बसलो. दाब २१२ व्होल्टवरून १५८ पर्यंत खाली गेला, आणि मल्टिमीटर संथ असल्यामुळे खरी घसरण त्याहून अधिक असणार. दिवा मिणमिणला, पंखा मंदावला, आणि संगणक चालूच राहिला. त्या आठ दिवसांत पंप चार वेळा लागला, संगणक एकदाही बंद पडला नाही. वीजतंत्री यांचे म्हणणे मी आधी नुसते वाचले होते, त्या सकाळी डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर बॅटरी बदलली. जुनीच्या दोन्ही बाजू इतक्या फुगल्या होत्या की ती खोबणीतून बाहेर काढताना पेचकसाने रेटावी लागली. नवी बॅटरी चार्ज झाल्यावर बल्ब वीस मिनिटे जळल्यावर मीच तो बंद केला. पंपाचा कपॅसिटरही बदलला आणि आता तो घुमत न बसता लगेच उचलतो. पंपाची वायर खरोखरच माझ्या खोलीच्या वायरीवरून घेतलेली निघाली, ते काम पावसाळ्यापूर्वी करून घेणार आहे.

रॅमची तपासणी दोन रात्री चालली. जुन्या पट्टीवर चार फेऱ्यांत एकही चूक आली नाही. दुकानाने घातलेल्या नव्या पट्टीवर पहिल्याच फेरीत लाल ओळींची रांग लागली. खाच तीच होती. मी त्या पडद्याचे छायाचित्र काढून दुकानात दाखवले. थोडी कुरकुर झाली, पण पट्टी बदलून मिळाली, आणि बदललेली पट्टीही घरी आणून रात्रभर तपासल्याशिवाय मी कामाला घेतली नाही. मदरबोर्डचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

आता सतरा दिवस झाले. या काळात एकच प्रसंग घडला. काल रात्री जेवून आलो तर संगणक पुन्हा सुरू होऊन प्रवेशाच्या पडद्यावर थांबलेला होता. क्षणभर पोटात गोळा आला आणि लगेच नोंदवही उघडली. तिथे ४१ नव्हता, ६००८ही नव्हता. १०७४ होता, आणि त्यापुढे विंडोजने अपडेट पूर्ण करण्यासाठी संगणक रीतसर पुन्हा सुरू केल्याचे लिहिले होते.